केळीचा घड घेऊन येणारी आजी

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या मूळच्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरातल्या. अठरा वर्षांपासून अमेरिकेत आहेत आणि नवरा-बायको दोघंही आता तिथले नागरिक आहेत. पाच मुलं आहेत : थोरली सोळा वर्षांची, धाकटा चार वर्षांचा, मधली तेरा, अकरा आणि आठ वर्षांची. मुलांना त्या घरीच शिकवतात. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, परदेशातून मुलं दत्तक घेतलेली बरीच कुटुंबं आहेत, एका घरात तर अकरा मुलं आहेत. गेल्या उन्हाळ्यात मंडळीच्या गटाबरोबर त्या दोन आठवडे युगांडाला गेल्या होत्या. तिथल्या एका अनाथाश्रमात त्यांना तीन भावंडं भेटली : नऊ आणि सहा वर्षांच्या दोन बहिणी आणि तीन वर्षांचा भाऊ. धाकटा दहा मिनिटांत मांडीवर येऊन बसला आणि निघेपर्यंत त्याने हात सोडला नाही. हे प्रभूचंच पाचारण आहे असं त्यांना वाटलं. मुलांना आई-वडील नाहीत. "एक आजी आहे, दर आठवड्याला केळीचा घड घेऊन येते, पण तिला आता झेपत नाही असं आश्रमवाले म्हणाले." तिथल्या वकिलाने दोन-तीन महिन्यांत काम करून देतो असं सांगितलं आहे. खर्च सगळा मिळून साठ हजार डॉलरच्या घरात जाईल. मंडळीने अकरा हजार जमवलेही आहेत. नवरा मात्र "आधी या पाचांचं नीट करू" म्हणतो. "थोरली फार समजूतदार आहे, तिची काळजीच नाही," असं त्या लिहितात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथांचा समाचार घ्यायला सांगितलं आहे, मग मागे कसं हटायचं आणि नवऱ्याला कसं समजवायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला तो तीन वर्षांचा मुलगा दिसत राहिला. दुसऱ्यांदा त्याची आजी दिसली. तिच्यासाठी तुमच्या सहा पानांत एकच वाक्य आहे. थोरल्या लेकीसाठीही एकच. माझं उत्तर बहुतेक या दोन वाक्यांभोवतीच फिरणार आहे. नवऱ्याला कसं समजवायचं हे त्यात येणार नाही, ते आधीच सांगते.

तुमच्या मनात जे दाटून आलंय त्यावर मला शंका नाही. मीही ख्रिस्ती घरातच वाढले. 'प्रभूने माझ्यावर हे ओझं ठेवलंय' असं एखादी बाई म्हणते तेव्हा तिला रात्रीची झोप नसते, हे मी जवळून पाहिलंय. लहान मूल आश्रमात वाढू नये, हेही तुमचं अगदी खरं. रुमानियात बुखारेस्टच्या संस्थांमधल्या १३६ लहानग्यांचा अभ्यास २००० साली सुरू झाला. संस्थेतून काढून घरात ठेवलेली मुलं संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली, आणि घर जितकं लवकर मिळालं तितका फरक जास्त पडला. त्यामुळे 'राहू दे त्यांना तिथंच' असं मी म्हणणार नाही. या तिघांना घर हवंय. ते तुमचंच हवं का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो तुम्ही अजून स्वतःला विचारलेला नाही.

त्या मांडीवर बसण्याबद्दल बोलायला हवं. ऐकायला कठीण जाईल, पण तुमचा स्वतःचा चार वर्षांचा मुलगा आठवा. घरी कोणी नवीन पाहुणा आला तर तो काय करतो? तुमच्या मागे लपतो, पदराआडून बघतो, मग अर्ध्या तासाने हळूच पुढे येतो. घरात नीट रुजलेलं मूल असंच वागतं. दहा मिनिटांत परक्या माणसाच्या मांडीवर चढणारं आणि हात न सोडणारं मूल वेगळंच काही सांगत असतं. त्याला सांभाळणारे हात सारखे बदलत आलेत. पाहुण्यांचा गट येतो, दोन आठवडे लाड करतो, रडत रडत निघून जातो, मग पुढचा गट येतो. मिळेल त्या हाताला धरून ठेवायचं, एवढं ते शिकलंय. आश्रमात वाढलेल्या मुलांमध्ये हे इतकं आढळतं की या कामातली माणसं त्याकडे खूण म्हणूनच बघतात. त्याने तुम्हाला निवडलं असं मानून तुम्ही पुढचं सगळं रचताय. त्याला हवंय कोणीतरी, जे जाणार नाही. आणि असं एक माणूस त्याच्याकडे आहे. ते दर आठवड्याला केळी घेऊन येतं.

आता आजी. 'झेपत नाही' हे आजींचे शब्द आहेत की आश्रमवाल्यांचे? तुम्ही आजींशी बोललात का? तुमच्या पत्रात तरी तसं कुठे नाही. झेपत नाही म्हणजे नेमकं काय? वय झालंय? दृष्टी गेलीय? की शाळेची फी भरता येत नाही, तिघांना पुरेल इतकं घरात पिकत नाही, धाकट्याच्या आजारपणाचा खर्च निघत नाही? पहिल्या दोन अडचणींना एक उत्तर आहे आणि नंतरच्या तीन अडचणींना दुसरंच. गरीब देशांतल्या आश्रमांत मुलं येतात ती पुष्कळदा या नंतरच्या कारणांनी. जगात सुमारे १४ कोटी मुलं अनाथ आहेत असा युनिसेफचा आकडा मंडळ्यांमध्ये नेहमी सांगितला जातो. त्या आकड्यात आई किंवा बाप यांपैकी एक गेलेली मुलंही धरलेली असतात, हे सहसा सांगितलं जात नाही. दोघेही गेलेत अशी मुलं त्यात दीड कोटीच्या आसपास. आणि त्यांतलीही बरीचशी आजी, मामा, काकू यांच्याकडे वाढत असतात.

हे आपल्या लोकांना परकं वाटायला नको. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या बोर्डिंगात शिकले. माझे आजोबा लवकर गेले. आजी शेतमजुरीला जायची. महिन्यातून एकदा भाकऱ्या आणि ठेचा फडक्यात बांधून ती चालत बोर्डिंगवर जायची, फाटकाशी बसायची, वडिलांचं खाऊन होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची आणि उन्हं कलायच्या आत परत फिरायची. तिने मूल टाकलं होतं का? तिला झेपत नव्हतं, म्हणून तिने ते शिकायला ठेवलं होतं. त्या फाटकाशी त्या वर्षी एखादं भलं, प्रेमळ, प्रार्थना करणारं परदेशी जोडपं उभं राहिलं असतं, आणि कोणी त्यांना म्हटलं असतं, 'बाप नाही, आईला झेपत नाही', तर? माझे वडील कदाचित उत्तम शिकले असते. आजी पुढच्या महिन्यात भाकऱ्या बांधून आली असती आणि फाटकावरून परत गेली असती. तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून हे हलत नाही, म्हणून लिहितेय.

तुमच्यासारख्या मोठ्या ख्रिस्ती कुटुंबांचा या बाबतीतला इतिहास जुना आहे. १९५५ साली ऑरेगॉनमधल्या हॉल्ट नावाच्या शेतकरी दांपत्याने, घरात सहा मुलं असताना, कोरियन युद्धानंतरची आठ मुलं दत्तक आणली. त्यासाठी अमेरिकी संसदेने खास कायदा केला होता. त्यानंतर हजारो ख्रिस्ती घरांनी हीच वाट धरली, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत मुलं मायेने वाढली, हेही खरं. पण मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने जाहीर केलं की त्या देशातून परदेशी पाठवलेल्या मुलांच्या कागदपत्रांत खोट्या नोंदी झाल्या होत्या. आई-वडील हयात असलेली मुलं अनाथ म्हणून लिहिली गेली होती. आज पन्नाशी-साठीला आलेली ती माणसं आपल्या आयांना शोधताहेत. त्यांना दत्तक घेणारी माणसं वाईट नव्हती. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला.

युगांडातही असंच घडलंय, आणि फार वर्षं झालेली नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने तिथले दोन न्यायाधीश, एक वकील महिला आणि तिचा नवरा यांच्यावर निर्बंध घातले. दूरच्या खेड्यांतल्या आई-बापांना 'मुलांना राजधानीत, कंपालात, चांगल्या शिक्षणासाठी नेतो' असं सांगितलं जायचं आणि मग तीच मुलं अमेरिकी जोडप्यांना दत्तक दाखवली जायची, असा तो प्रकार होता. तुमच्या आश्रमात असं चाललंय असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. पण तुमचा वकील जे बोलला त्याने मात्र माझ्या पोटात गोळा आला. २०१६ च्या दुरुस्तीनंतर युगांडाच्या कायद्यानुसार परदेशी माणसाला दत्तक घ्यायचं असेल तर एक वर्ष त्या देशात राहून, सरकारी समाजकल्याण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मूल सांभाळावं लागतं. पूर्वी पालकत्वाचा हुकूम घेऊन मुलं भराभर बाहेर न्यायचे, ती वाटही परदेशी लोकांसाठी बंद झाली. परदेशी दत्तक हा शेवटचा पर्याय मानावा, असं तोच कायदा सांगतो. क्वचित एखाद्या प्रकरणात कोर्ट मुदतीत सूट देऊ शकतं, पण सूट मिळणारच असं धरून दोन-तीन महिन्यांचा वायदा करणारा वकील तुम्हाला कुठे नेतोय, याचा विचार करा. माझं स्पष्ट मत आहे : त्याला एक डॉलरही पाठवू नका. पाठवला असेल तर पुढचा थांबवा.

देशामागून देश हे दार का बंद करत गेले तेही बघा. २००४ साली अमेरिकेत परदेशातून जवळपास २३ हजार मुलं दत्तक आली. २०२३ साली तो आकडा १,२७५ वर आला. ग्वाटेमालाने २००७ च्या अखेरीस नवी प्रकरणं घेणं थांबवलं, इथिओपियाने २०१८ मध्ये, चीनने २०२४ मध्ये. रशियाने २०१३ पासून अमेरिकी लोकांना बंदी केली, त्यामागे राजकारण होतं. बाकी ठिकाणची कारणं वेगवेगळी, पण पैसा आला की 'अनाथ' तयार व्हायला लागतात, हा अनुभव ग्वाटेमालाला आला आणि इतरांनाही आला.

आता याकोबाचं वचन. तुम्ही ते अर्धं लिहिलंय, ताई. मूळ वाक्यात अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यायला सांगितलंय. दोघांचा, एका दमात. कारण त्या काळी ते एकाच उंबरठ्याच्या आत असायचे, आणि आजही असतात. तुमच्या गोष्टीत ती विधवा कोण, हे वेगळं सांगायला नको. आणि आपल्या मराठी बायबलमधला शब्दही बघा : समाचार घेणं. समाचार घेणं म्हणजे जाऊन भेटणं, विचारपूस करणं, काय हवं-नको ते बघणं. उचलून आणणं नव्हे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून मुली आणल्या तेव्हा केडगावला मुक्ती मिशनमध्ये अनाथ पोरी आणि विधवा बाया एकाच आवारात राहायच्या. त्यांनी वचन पूर्ण वाचलं होतं, दुसरं काय म्हणणार?

तुमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलेली दत्तकपणाची उपमा तुम्ही लिहिलीय : देवाने आपल्याला दत्तक घेतलं, तसं आपण मुलांना घ्यावं. उपमा सुंदर आहे. फक्त बायबलमधल्या पौलाच्या लिखाणात आपण त्या उपमेतलं लेकरू असतो. मंडळीत ती सांगताना आपण कधी बापाच्या खुर्चीत जाऊन बसतो ते कळत नाही. मग मूल 'वाचवलेलं' होतं, आणि वाचवलेल्या मुलाने कृतज्ञ राहावं अशी अपेक्षा नकळत घरात शिरते. ज्या मुलीने आई गमावली, आजी गमावली, भाषा गमावली, तिला पहिल्या नाताळला रडावंसं वाटलं तर घरात कुणाला राग येता कामा नये. तुमच्या घरात येणार नाही ना?

आता थोरली. समजूतदार हा शब्द आपण थोरल्या मुलींना फार लवकर चिकटवतो, आणि एकदा चिकटला की तिला तो काढता येत नाही. तुमचा हिशेब मांडून बघा. नऊ वर्षांची मुलगी तुमच्या अकरा आणि आठच्या मध्ये येणार, सहा वर्षांची आठ आणि चारच्या मध्ये, आणि तीन वर्षांचा आला की तुमचा चार वर्षांचा एका दिवसात शेंडेफळ राहणार नाही. धाकट्यांचे नंबर बदलतील. घरातल्या मुलांचा क्रम मोडू नये, नवीन मूल सगळ्यांत लहान असावं, एका वेळी एक किंवा फार तर दोन आणावीत, असं या कामातली जाणती माणसं सांगतात ते उगीच नाही. भावंडं तोडायची नाहीत हेही तितकंच खरं, म्हणून तिघं म्हणजे तिघंच. मग आठ मुलं, त्यांतली तीन लुगांडा बोलणारी, रात्री ओरडून उठणारी, आणि आई एक. उरलेलं कोण करणार? तुम्ही लिहिलं नाहीत, पण उत्तर तुमच्या वाक्यातच आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी एक कुटुंब यायचं. पंधरा वर्षांची मुलगी, मागून आलेली चार दत्तक भावंडं. ती फार नीट बोलायची, फार नीट बसायची. तिला मी विचारलं, दत्तक घ्यायच्या आधी तुला कोणी विचारलं होतं का? म्हणाली, "हो, विचारलं होतं ना. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते तेव्हा विचारलं होतं." तुमच्या थोरलीला असं विचारू नका. तिला एकटीला घेऊन गाडीतून कुठेतरी जा, तुमची नजर रस्त्यावर असू दे, आणि विचारा. 'नाही' म्हटलंस तरी चालेल, हे आधी सांगा आणि ते खरं असू द्या. दोन वर्षांनी ती कॉलेजला जाणार आहे. तिच्याशिवाय घर कसं चालेल, हे आजच लिहून काढा : सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, तिचं नाव कुठेही न घेता. ते जमत नसेल तर तुमची तयारी झालेली नाही.

पाच मुलं वाढवल्याचा अनुभव कामी येईल असं तुम्ही लिहिता. काही बाबतींत येईल. पण तुमची पाचही जन्मापासून तुमच्या कुशीत वाढली. उपाशी राहिलेलं मूल तुम्ही अजून वाढवलेलं नाही. वर सांगितलेल्या त्या कुटुंबात एकदा उशीच्या अभ्र्यात पावाचे तुकडे सापडले, हिरवी बुरशी आलेले, एकावर एक नीट रचून ठेवलेले. आईला ती चोरी वाटली. मूल मात्र उद्याची सोय करून ठेवत होतं. तिथे शिक्षा केली की मुलाचा संशय खरा ठरतो. उलट त्याच्या पलंगाशी खाऊचा डबा ठेवायचा आणि तो कधी रिकामा होऊ द्यायचा नाही, महिनोन्महिने. कडक शिस्तीच्या घरांना हे फार जड जातं. २०११ साली वॉशिंग्टन राज्यात, सात मुलं असलेल्या एका ख्रिस्ती घरात इथिओपियाहून आणलेली किशोरवयीन मुलगी शिक्षा म्हणून उपाशी ठेवली जायची, घराबाहेर ठेवली जायची. ती थंडीत गारठून मेली. आई-वडिलांना २०१३ मध्ये शिक्षा झाली. तुम्ही तशा नाही, हे मला पत्रावरून कळतं. पण त्या घरातही मुलं घरीच शिकायची, आणि आत काय चाललंय ते बघणारा शिक्षक बाहेर कोणी नव्हता. म्हणून सांगते : नवीन मूल आणलं तर त्याला बाहेरचे डोळे हवेतच. शाळा, डॉक्टर, आघातातून गेलेल्या मुलांबरोबर काम करणारा समुपदेशक. अमेरिकी नियमांत दत्तक पालकांना किमान दहा तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. दहा तासांत गाडीही नीट चालवायला येत नाही.

नवऱ्याबद्दल थोडंच. 'आधी या पाचांचं नीट करू' यात अविश्वास नाही. पाचांपैकी कोणाचं तरी काहीतरी अडलंय आणि ते त्यांना दिसतंय. कोणाचं, ते विचारा. त्यांना वळवायला जाऊ नका. दोघांचा पूर्ण होकार नसताना आणलेलं मूल त्या घरात वाद बनून राहतं.

मग करायचं काय? आजींशी बोलायचं, आणि आश्रमाच्या माणसाला मध्ये न घेता बोलायचं. तिथल्या जिल्ह्याचा समाजकल्याण अधिकारी गाठा, लुगांडा जाणणारा स्वतंत्र दुभाषी मिळवा, आणि ज्याला आश्रमाकडून किंवा वकिलाकडून पैसे मिळत नाहीत अशा समाजसेवकाकडून त्या कुटुंबाची चौकशी करवून घ्या. आई-वडील कधी, कशाने गेले, मृत्यूचे दाखले आहेत का, मामा-मावशी-काका कोण आहेत, मुलांना आश्रमात कोणी आणि काय सांगून आणलं, हे विचारायला सांगा. दत्तक म्हणजे कायमचं, मुलं कायद्याने तिची राहणार नाहीत, हे आजीला तिच्या भाषेत कोणी कधी सांगितलंय का, तेही. अनेकांना वाटतं की मुलं शिकून परत येतील.

आजी म्हणाली, पैसा असता तर मी सांभाळलं असतं, तर तुमच्या साठ हजारांकडे पुन्हा एकदा बघा. करसवलतीची जमेची बाजू तुम्ही मांडलीय, २०२५ साठी मुलामागे १७,२८० डॉलरपर्यंत, ती खरी आहे. पण वकील, कोर्ट, विमानं आणि फी यांवर जाणाऱ्या रकमेचा छोटासा भाग दरवर्षी दिला तर तिघांची शाळा, औषधं आणि आजीच्या घराचं छप्पर होईल, आणि मुलं तिच्या ओट्यावर झोपतील. हे पैसे थेट आश्रमाला देऊ नका, नाहीतर मुलं तिथं ठेवण्याचंच कारण वाढतं. मुलं घरी परत नेऊन बसवण्याचं काम करणारी माणसं युगांडात आहेत. समाजकल्याण अधिकाऱ्याकडूनच त्यांच्यापर्यंत पोचा. आजीला खरंच जमत नसेल तर आधी नातेवाईक, मग त्याच देशातलं एखादं घर, आणि यांतलं काहीच नसेल तरच तुम्ही.

आणि तशी वेळ आली तर मी तुम्हाला अडवणार नाही. तेव्हा अमेरिकेत मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जा. युगांडा परदेशी दत्तकाबद्दलच्या हेग कराराबाहेर असला तरी २०१४ पासून ते बंधनकारक आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची मंजुरी आधी घ्या. वर्षभर तिथं कोण राहणार ते ठरवा, कारण तेव्हाही घरात पाच मुलं असतीलच. नागरिकत्वाचे कागद पहिल्याच वर्षी पुरे करा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागलं, पण त्या दिवशी ज्यांना अठरा पूर्ण झाली होती ती राहून गेली, आणि कित्येकांना हे चाळिशीत पासपोर्ट काढताना कळलं. मुलांची नावं बदलू नका. लुगांडा बोलणारं माणूस शहरात शोधा. मुलींच्या केसांची निगा कशी राखायची ते कृष्णवर्णीय मैत्रिणीकडून शिका, आणि ती मैत्रीण आज नसेल तर का नाही, याचा विचार करा. आजीशी दर आठवड्याला फोनवर बोलणं चालू राहायला हवं. तिचा केळीचा वार चुकता कामा नये.

तुमच्या राज्यातही सरकारी देखरेखीखालची मुलं तात्पुरत्या घराची वाट बघत असतात. साऱ्या अमेरिकेत सरकारी देखरेखीखालची मुलं साडेतीन लाखांच्या आसपास आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना आपल्या आई-बापांकडे परत पाठवायचं, असंच उद्दिष्ट ठरलेलं असतं. मूल काही महिने सांभाळून त्याच्या आईच्या हाती परत देणं तुम्हाला जमेल का, हे नवऱ्याबरोबर बसून बोला. या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला बरंच काही सांगेल.

मंडळीच्या अकरा हजारांचं ओझं तुमच्या मनावर असेल. सगळ्यांसमोर साक्ष दिलीय, फ्रिजवर तिघांचा फोटो आहे, आता मागे आलो तर लोक काय म्हणतील. पाळकसाहेबांना आधी एकटं भेटा. म्हणा, आम्ही मुलांच्या आजीचा शोध घेतोय, तोवर पैसे तसेच ठेवा, आणि देणाऱ्यांना वाटलं तर त्यांचे त्यांना परत द्या. मुलांचे फोटो मात्र आजच सगळीकडून काढा. ते तुमचे नाहीत अजून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्गणी गोळा व्हायला नको.

तुमच्या पत्रात तिन्ही मुलांची नावं आहेत, वयं आहेत, कोणाला कोणता रंग आवडतो तेही आहे. आजीचं नाव कुठेच नाही. दुभाष्यामार्फत फोन जोडून मिळाला की मुलं नेऊ का, हे पहिल्यांदा विचारू नका. तिला तिचं नाव विचारा, आणि तो घड डोक्यावर घेऊन किती लांबून चालत येता, ते विचारा.